रस्ता म्होरं गेलाय

मार्गशीर्षातली सकाळ होती. साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर जिथे डांबर संपते आणि जुन्या सोलिंगची, दगड बसवलेली वाट तशीच उतरत पाण्यात शिरते, तिथे आम्ही गाडी उभी केली होती. मी टपावरच्या बोटीचे पट्टे सोडत होतो आणि मेव्हणा वल्ही खाली घेऊन गवतावर ठेवत होता. वरच्या वाडीतून दोन म्हशी घेऊन उतरलेले एक आजोबा आमच्यापाशी थांबले. त्यांनी बोटीची करडी नळकांडी बोटाने दाबून पाहिली, लोखंडी सांगाड्यावरून हात फिरवला, पाण्याकडे एकदा नजर टाकली आणि अगदी सहज म्हणाले, "पाव्हणं, हितंच का थांबलासा? रस्ता म्होरं गेलाय की." त्या बोलण्यात चेष्टा नव्हती आणि उत्तराची अपेक्षाही नव्हती. पाण्याखाली गेलेला रस्ता त्यांच्या लेखी अजून रस्ताच होता आणि तो कुठे जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हशी पुढे निघाल्या, तसे तेही काठी टेकत गेले. आम्ही बोट पाण्यात घातली, दुपार कलेपर्यंत गळ टाकले; पण ते वाक्य त्या दिवशी वल्हे मारताना पुन्हा पुन्हा मनात येत राहिले आणि अजूनही गेलेले नाही.

ही बोट आपल्याकडे फारशी दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. हवा भरलेली दोन लांबट, टोकाशी वर वळलेली नळकांडी, त्यांना जोडणारा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, मध्ये एक खुर्ची, पाय टेकवायला दांड्या आणि दोन्ही अंगांना वल्ही, एवढाच या पाँटून बोटीचा संसार असतो. तिला तळ नसतो. खुर्चीत बसले की दोन पायांच्या मधून थेट पाणी दिसते. लांबी आठ-नऊ फूट, वजन साधारण ३० ते ४० किलो आणि बसणारा माणूस एकच. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांमध्ये ती रुळली, कारण तिथेही चांगले पाणी बहुधा रस्त्यापासून लांब असते आणि मोठी बोट तिथवर पोहोचत नाही. पाण्यावर ही बोट किती स्थिर राहते, वाऱ्यात किती वाहवते, यावर तिचे मालक तासन् तास बोलतात. मला मात्र तिच्यातली सगळ्यात विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती घराच्या माळ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंतचा तिचा प्रवास. बोटीची खरी परीक्षा तिथे होते आणि माणसाचीही तिथेच होते.

नेण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना आपापला त्रास आहे. पहिला मार्ग म्हणजे बोट पूर्ण सोडवून, हवा काढून, पिशव्यांत भरून न्यायची. गाडीच्या डिकीत ती सहज मावते, घाटात वाऱ्याची चिंता नसते, वाटेत कोणी "हे काय आहे?" असे विचारत नाही. पण काठावर पोहोचल्यावर सांगाड्याचे पाइप एकमेकांत बसवायचे, भोके जुळवायची, पिना घालायच्या, आणि एखादी पीन गवतात पडली की दव पडलेल्या कुसळांत गुडघ्यावर बसून ती शोधायची. गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप नळकांडी पटकन फुगवतो, पण शेवटचा कडकपणा त्याच्याने येत नाही. तो पायाच्या पंपानेच आणावा लागतो. तोवर पूर्वेचा तांबूस रंग जाऊन लख्ख ऊन पडलेले असते आणि कडेच्या उथळ पाण्यातली चिलापीची हालचाल थांबलेली असते. म्हणून आम्ही बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरतो. आदल्या रात्री अंगणात बोट जोडायची, फुगवायची आणि पहाटे टपावर चढवायची.

टपावर बोट बांधणे हे काम मला मनापासून आवडते. दोघांनी दोन बाजूंना उभे राहून, सांगाडा धरून, एकाच दमात उचलायची. नळकांड्यांना धरून कधीही उचलायची नाही, कारण मग सारा ताण शिवणीवर येतो. पट्टा सांगाड्यावरून घ्यायचा, नुसत्या नळकांड्यावरून नाही. नळकांडे दबते, पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर हवा थोडी थंड झाली की तोच पट्टा सैल पडलेला असतो. पुढून आणि मागून एकेक दोरी गाडीच्या बंपरखालच्या कडीला बांधायची, कारण वर वळलेल्या टोकांखाली वारा शिरला की बोट पुढून उठू पाहते. मागच्या टोकाला लाल फडके. आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला एका मालवाहू गाडीच्या चालकाने साताऱ्याच्या नाक्यावर दाखवली: चपट्या पट्ट्याला बांधण्याआधी एक पीळ द्यायचा. सरळ ताणलेला पट्टा वेगात थरथरतो आणि गाडीभर एक घुमणारा आवाज भरतो. पीळ दिला की वारा त्याला एकसारखा पकडू शकत नाही आणि तो आवाज बंद होतो. त्या माणसाने माझ्या हातातून पट्टा घेतला, पीळ दिला, दोन बोटांनी टिचकी मारून ताण पाहिला आणि काही न बोलता आपल्या गाडीत जाऊन बसला. तेव्हापासून मी पीळ देतो आणि टिचकीही मारतो.

पहाटे निघालो की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. दोन-दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारी वाढी, वर बसलेली तोडणीची माणसे, त्यांच्या मांडीवर झोपलेली पोरे. त्यांच्यातून वाट काढत आमची रिकामी, हलकी, हवेने भरलेली बोट जाते. त्या ट्रॉलीवरच्या माणसांचे वर्षभराचे पोट त्या उसावर अवलंबून असते आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी मासे धरायला निघालेले असतो, ही जाणीव मला प्रत्येक वेळी होते आणि ती होऊ नये असे मला वाटत नाही. कधीकधी त्यांच्यातलाच एखादा मुलगा बोटीकडे बोट दाखवून ओरडतो आणि मग सगळी ट्रॉली आमच्याकडे बघते.

हवेचे गणित मात्र शिकूनच घ्यावे लागते. साताऱ्यात घेतलेले वेफर्सचे पाकीट कासच्या पठारावर पोहोचेपर्यंत गच्च फुगते, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. दर शंभर मीटर चढाला बाहेरच्या हवेचा दाब साधारण एका टक्क्याने कमी होतो आणि आतली हवा तेवढी बाहेर दाबू लागते. उन्हाचा परिणाम याहून मोठा आहे. पहाटेच्या थंडीत भरलेले नळकांडे उन्हात तीस अंशांनी तापले, तर आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो दाब आतला सगळा, म्हणजे बाहेरच्या हवेचा धरून मोजायचा असतो. या बोटीत मुळात भरलेला दाब दर चौरस इंचाला दोन-तीन पौंडांचाच असल्यामुळे वाढ जवळजवळ दीड पौंडाची होते आणि शिवणीला ती पेलवत नाही. म्हणून गाडी चहाला थांबवायची तर सावलीत थांबवायची आणि चढ चढण्यापूर्वी व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडायची. उलट पाण्यात उतरल्यावर थंड पाण्याने नळकांडी मऊ पडतात, तेव्हा पंप जवळ असावा लागतो. हे सगळे करताना फुसकन बाहेर पडणाऱ्या हवेचा, रबराचा आणि आदल्या खेपेच्या शेवाळाचा मिळून एक वास येतो. घरातल्या इतरांना तो नकोसा वाटतो. मला तो आला की पाणी जवळ आले असे वाटते.

पण पाणी जवळ नसते.

धरणाचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही, हे नकाशात दिसत नाही. पावसाळा संपताना कण्हेर भरलेले असते, सुमारे १० टीएमसीचा साठा काठोकाठ असतो, आणि तेव्हा गाडीच्या चाकापासून दहा पावलांवर बोट तरंगते. मग रब्बीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचे कालव्याचे पाणी, सुटते. साताऱ्या-कोरेगावकडची ज्वारी आणि गहू भिजू लागतात आणि इथली कड रोज थोडी थोडी खाली सरकते. संक्रांतीला तीच कड शंभर पावले लांब गेलेली असते, शिमग्याला त्याहून कितीतरी लांब, आणि उन्हाळी आवर्तने झाल्यावर वैशाखात पाणी दूरवर एक चकाकती रेघ होऊन बसते. मधल्या जागेत आधी ओला काळा गाळ, मग भेगाळलेली जमीन, मग गाळपेरीचे हरभऱ्याचे आणि काकडी-कलिंगडाचे तुकडे. जे पाणी खाली गेले ते कुणाच्या तरी शेतात गेले, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. तरी चाळीस किलोचे ओझे घेऊन त्या भेगांतून चालताना मन कधी शेतकऱ्याच्या बाजूने असते आणि कधी खांद्याच्या बाजूने, हेही खरे आहे.

या टप्प्यावर बोट ओढता येत नाही. कापणी झालेल्या हरभऱ्याची धसकटे सुरीच्या टोकाइतकी टणक असतात. सुकलेल्या गाळावर सराटा पसरतो आणि त्याचा काटा चपलेच्या तळातूनही टोचतो. कडेच्या बाभळींनी टाकलेले काटे गाळात उभे रुतून बसतात, शिंपल्यांच्या कडा वर आलेल्या असतात. बोटीला मागे लावायचे एक छोटे चाक मिळते. सपाट, टणक जमिनीवर ते उत्तम चालते, एका माणसाने पुढून उचलून ढकलगाडीप्रमाणे बोट नेता येते. भेगेत ते अडकते आणि गाळात बुडते. रुंद, फुग्यासारखी दोन चाके लावली तर गाळावरून जाते, पण वजन वाढते. म्हणून शेवटी उचलणे आलेच. एकट्याला न्यायची असेल तर बोट उलटी करून, खुर्ची मिटवून, सांगाड्याचा मधला पाइप दोन्ही खांद्यांवर घ्यायचा आणि नळकांडी कानांच्या दोन्ही बाजूंना येऊ द्यायची. तेव्हा समोरची फक्त पाच-सहा पावलांची जमीन दिसते. वारा सुटला तर पाऊल टाकायचे थांबवून त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे.

माघात गाळपेरीच्या कडेला माण तालुक्यातले मेंढपाळ उतरतात. त्यांच्यातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी आम्हाला दोघांना बोट नेताना पाहिले. आम्ही दर वीस-तीस पावलांवर बोट खाली ठेवत होतो, हात झाडत होतो आणि पुन्हा उचलत होतो. ते मेंढरे सोडून आले आणि म्हणाले, "थांबू नगा. थांबलं की वझं दुप्पट हुतंय. चालता चालता खांदा बदला." मग त्यांनी स्वतः पुढच्या पाइपाखाली खांदा दिला आणि दाखवले: ज्याला बदल हवा त्याने एक हुंकार द्यायचा, मागच्याने अर्धे पाऊल आखूड टाकायचे, पुढच्याने मान खाली घालून पाइप एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यायचा, आणि चाल मोडायची नाही. हे कुठे शिकलात असे विचारले, तेव्हा ते म्हणाले की चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटात कावडी चढतात, तिथे त्यांचा दरवर्षी हात असतो. कऱ्हेचे पाणी भरलेली ती जड कावड उभ्या कड्यावरून माणसांच्या साखळीने वर जाते, हे मी ऐकून होतो. तिथले अंगात मुरलेले कौशल्य असे एखाद्या बोटीखाली येऊन उभे राहील असे मात्र कधी मनात आले नव्हते. बोट पाण्याला टेकली तेव्हा त्यांनी नळकांड्यावर एक हात ठेवून ती पाण्यात डुलते कशी ते पाहिले. बसून बघा म्हटले, तर नको म्हणाले, मेंढरे हरभऱ्यात शिरतील.

माझे आजोळ कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला. तिथल्या लहानपणात होडी उचलून नेण्याची कल्पनाच नव्हती. औदुंबरच्या दत्ताचे दर्शन झाले की नावेतून पलीकडे भुवनेश्वरीला जायचे आणि ती नाव कायम पाण्यातच असायची. रात्री ती काठाच्या झाडाला बांधलेली, उन्हाळ्यात फळ्या सुकून फटी पडू नयेत म्हणून मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवलेली. वर्षातून एकदा तिला काठावर घेत, उपडी घालत, फटींत काथ्या ठोकून वरून डांबर लावत. ते डांबर कढत असताना आम्हा मुलांना लांब उभे करत. पण वास आमच्यापर्यंत यायचा आणि तो अजून नाकात आहे. नाव चालवणारे भोई होते. पूर्वी पालखी खांद्यावर वाहणारे आणि नदीत नाव चालवणारे, मासे धरणारे लोक एकाच समाजाचे, याचे तेव्हा काही वाटले नव्हते. आता खांद्यावर पाइपाचा वळ घेऊन घरी येतो तेव्हा वाटते. माणसाला कोरडे ठेवून पलीकडे पोहोचवायचे, मग मधे जमीन असो की पाणी, हे काम त्यांनी पिढ्यान् पिढ्या केले. त्यांच्या नावेला घर होते आणि ते घाटावर होते. आमच्या बोटीचे घर साताऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्याच्या माळ्यावर आहे. दर खेपेला तिला पाण्याकडे पाहुणी म्हणून न्यावे लागते आणि संध्याकाळी परत आणावे लागते.

याच आजोळी होडी आणि पाणी यांच्यातले अंतर किती भयंकर असू शकते हेही पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत १९२९ पासून उभ्या असलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा लोक होडीसाठी पाण्याकडे गेले नाहीत, पाणीच घरांवर चालून आले. आणि होड्या मात्र लांब होत्या. महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडलेला, गावांचे रस्ते बुडालेले. एनडीआरएफच्या रबरी बोटी ट्रकमधून आल्या, पेठेतल्या रस्त्यांच्या कडेला फुगवल्या गेल्या, आणि जिथे एरवी भाजीच्या गाड्या लागतात तिथून त्या पाण्यात सोडल्या गेल्या. ज्या वाड्यांना त्या मिळाल्या नाहीत, तिथे गुऱ्हाळातल्या काहिली बाहेर काढल्या. गूळ कढवायची ती लोखंडी काहील आठ-दहा माणसांनी बांबू घालून उचलायची आणि पाण्यात सोडायची. ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटली आणि अनेक जण बुडाले. त्या बातमीनंतर आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवले नव्हते. पुढे नदीकाठच्या एका गावात मी फायबरची मोठी होडी पाहिली, चावडीच्या मागे उपडी ठेवलेली, वर वाळलेली पाने साचलेली. ती पाण्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर लागतो, असे तिथल्या मुलाने सांगितले. तिचे दोर कुठे आहेत, वल्ही कुठे आहेत, रात्री दोन वाजता ट्रॅक्टरची किल्ली कोणाकडे असते, हे मी त्याला विचारत बसलो. होडी आहे एवढ्यावर गावाने निश्चिंत होऊ नये, असे मला फार तळमळून वाटते. श्रावण उजाडण्याआधी ती एकदा उचलून, वाहून, पाण्याला लावून बघितली पाहिजे. किती माणसे लागतात ते कोणीतरी मोजले पाहिजे.

पुन्हा कण्हेरकडे येतो. धरणावर बोट उतरवायला चांगली जागा शोधताना एक गोष्ट लवकरच लक्षात येते. काठाला इतरत्र कुठेही पाय टाकला तर गुडघ्याएवढा गाळ असतो, पण जुन्या रस्त्याच्या ओळीत सोलिंगचे दगड अजून घट्ट असतात, उतार बेताचा असतो, दोन्ही बाजूंना झाडांची खोडे नसतात. कण्हेरला, उरमोडीला सज्जनगडाच्या पायथ्याशी, धोमला वाईच्या वरच्या बाजूला, सगळीकडे हेच. मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहाने उन्हाळ्यात घेतलेले चित्र असेल, तर रस्त्याची पांढुरकी रेघ पाण्याच्या कडेपर्यंत आणि पुढे पाण्यातही जाताना दिसते. आम्ही जागा अशाच शोधतो. आम्हाला बोट सुखाने पाण्यात नेता यावी म्हणून कोणी तो रस्ता बांधला नव्हता. तो कुणाच्या तरी गावाचा रस्ता होता.

ते आजोबा नंतरही भेटत राहिले आणि तुकड्यातुकड्याने बोलत राहिले. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा ते तरुण होते. गाव उठले. काही घरे वर सरकली, काही लांबच्या तालुक्यात गेली. ज्यांना जमले त्यांनी घराच्या तुळया, दारे, चौकटी काढून बैलगाडीत घातल्या. जाते आणि उखळही सोडले नाही. या चढावर दोन बैलांना गाडी ओढवेना, तेव्हा मागून माणसे लावायची. आमची बोट खाली जाताना बघून ते एकदा म्हणाले, "आमी वझं वर न्हेलं, तुमी खाली न्हेतायसा." मी काय बोलणार. कोयनेचे शिवसागर भरताना उठलेली माणसे तर ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी कुठे कुठे विखुरली. त्यांच्या नातवंडांतली काही आज माझ्या ओळखीची आहेत आणि आपले मूळ गाव पाण्याखाली आहे हे ती सहज सांगून जातात. त्या मानाने या आजोबांचे गाव जवळ आहे. वैशाखात पाणी उतरले की मारुतीच्या देवळाचे जोते, एका विहिरीचे कडे आणि रस्त्याच्या पुढच्या वळणाचे दगड उघडे पडतात. ते तिथवर चालत जातात, थोडे बसतात आणि म्हशींना पाणी दाखवून परत येतात.

मला या पाण्यावर आनंद मिळतो. पहाटे वल्ही उचलून स्तब्ध बसले, की खालून एखादा कटला वळतो आणि नळकांड्याला त्याच्या लाटेचा स्पर्श होतो. हा आनंद खोटा नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण बोट ज्या दगडांवरून उतरते त्यांची ओळख झाल्यापासून मी तिथे चपला घालून पटापट चालत नाही. दगड कुठे हलला आहे, कुठे खचला आहे ते पाहतो आणि जमेल तो पुन्हा जागेवर बसवतो. मेव्हण्याला आधी यात वेळ जातो असे वाटायचे. आता त्याच्या हातातही पहार असते.

काठावर आमच्या आधी पोहोचलेली माणसे म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद. तलावाचा ठेका त्यांच्या संस्थेकडे आहे. गळ टाकायचा तर त्यांची परवानगी घ्यायची आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहायचे, हा आमचा पहिल्यापासूनचा नेम आहे. त्यांचे वाहन म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे प्लास्टिकच्या पोत्यांत शिवून बांबूच्या चौकटीत बांधलेला तराफा, किंवा ट्रकच्या टायरमधली ट्यूब. एक माणूस तो तराफा डोक्यावर घेऊन गाळातून सरळ चालत जातो आणि आम्ही पट्टे सोडेपर्यंत पाण्यात मध्यावर पोहोचलेला असतो. त्यातल्या एकाने आमच्या बोटीचे वजन विचारले आणि ऐकून काही क्षण विचार करत राहिला. "दादा, मासा न्यायचा की बोट न्यायची?" असे त्याने फार आपुलकीने विचारले. त्याच्याकडे लाइफ जॅकेट नव्हते. मी ज्या बोटीत जॅकेट घालून बसतो ती उलटण्याची शक्यता फार कमी, आणि तो ज्यावर उभा राहून जाळे ओढतो त्यावर तर तोल जाणे रोजचे. पुढच्या खेपेला आम्ही दोन जास्तीची जॅकेटे नेली. एक तो अधूनमधून घालतो, वारा असला की; दुसरे त्याने पोराला दिले आहे.

सध्या मेव्हण्याच्या डोक्यात ट्रेलर आहे. दोन बोटी शेजारी शेजारी बसतील असा, कमी उंचीचा, मागे टेकवला की बोट आपोआप घसरत पाण्यात जाईल असा. त्याचे म्हणणे आहे की पाठ आता पूर्वीची राहिलेली नाही, आणि "दाजी, तुम्ही पन्नाशी ओलांडली, किती दिवस खांद्यावर नेणार?" हा त्याचा प्रश्न रास्त आहे. वरच्या वाडीतल्या काही तरुणांनाही तो पटला आहे. ट्रेलर आला तर रस्त्याच्या टोकाला काँक्रीटचा उतार करावा, पर्यटकांच्या बोटी उतरतील, चार पैसे गावात येतील, असे ते म्हणतात. त्यांना चार पैसे मिळावेत असे मलाही वाटते आणि म्हणून मी जोराने नाही म्हणू शकत नाही. तरी माझे मत आहे की त्या सोलिंगवर काँक्रीट ओतू नये. बाजूच्या पडीक टेकाडावरून वेगळा उतार काढावा. थोडा खर्च वाढेल, पण सप्टेंबर ते जानेवारी तो पाण्याला लागेल आणि नंतर तसाही कोणताच उतार पुरत नाही, उरलेले सात महिने शेवटची वाट पायीच आहे. हे मी त्या तरुणांना कागदावर पातळ्या काढून दाखवले आहे. ते ग्रामपंचायतीत बोलणार आहेत. मेव्हण्याने मात्र वेल्डरला चौकट टाकायला सांगूनही टाकले; चाके जुन्या मोटारीची मिळाली आहेत आणि ट्रेलर ओढायला हुक कोणाच्या गाडीला लावायचा, त्याच्या की माझ्या, यावर आमची बोलणी चालू आहेत.